सीडी चेंजर अडखळतो. दोष यंत्राचा की बसवण्याचा?

डिकीत सीडी चेंजर बसवून झाला, गालिच्याखालून डॅशबोर्डापर्यंत केबल ओढून झाली आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या गाडीत गाणेही सुरेल वाजले. गाडी रस्त्याला लागली आणि पहिल्याच गतिरोधकावर स्वर तुटला. पुढच्या खड्ड्यात अर्धी ओळ गळाली. घाटाच्या वळणावर तर यंत्राने एक गाणे अर्धवट सोडून दुसरेच सुरू केले. अशा वेळी 'भिंग खराब झाले' किंवा 'यंत्रच गेले' असा निकाल चटकन दिला जातो. चेंजर भंगारात जातो, किंवा ज्या दुरुस्तीची गरज नव्हती तिच्यावर पैसे खर्च होतात.

वस्तुस्थिती बहुतेक वेळा निराळी असते. बसवण्यापूर्वी व्यवस्थित वाजणारा चेंजर बसवल्याबरोबर अडखळू लागला, तर संशयाची सुई आधी बसवण्याच्या कामाकडे वळायला हवी. दोन विसरलेले स्क्रू, चुकीच्या खुणेवर राहिलेली एक चकती किंवा सैल पट्टी एवढ्यानेही हा दोष उद्भवतो आणि पैसा खर्च न करता तो दूर होऊ शकतो.

नव्या गाड्यांतून सीडी चेंजर आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याचे सुटे भाग मिळणे कठीण झाले असून, तो उघडून दुरुस्त करणारे कारागीरही मोजकेच उरले आहेत. जुनी गाडी तिच्या मूळ रूपात जपणारे हौशी लोक वापरलेला चेंजर शोधून आणतात. कुणाकडे कॅसेटवरून सीडीवर उतरवून घेतलेला घरगुती मैफलींचा ठेवा असतो, तर कुणाकडे आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण. त्यामुळे चुकीच्या निदानाची किंमत पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. टाकून दिलेल्या यंत्राच्या जागी दुसरे मिळेलच, याची खात्री नाही.

यंत्राचे काम किती नाजूक?

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीवर ध्वनी सूक्ष्म खळग्यांच्या रूपात साठवलेला असतो. हे खळगे आतून बाहेर जाणाऱ्या एकाच चक्राकार रेषेवर असतात. या रेषेच्या दोन वळशांमधील अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसएक वळसे सहज मावतील. ७४ मिनिटांच्या तबकडीवरील ही रेषा सरळ केली, तर तिची लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरेल.

लेझर किरण या रेषेवरून सेकंदाला १.२ ते १.४ मीटर वेगाने पुढे सरकतो. हा वेग कायम राखण्यासाठी तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५००, तर बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे घेते. फिरणारी तबकडी किंचित वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे डुलत असते. तिच्या हालचालीबरोबर भिंगही सतत हलवून किरण नेमक्या रेषेवर ठेवण्याचे काम यंत्रातील सर्वो यंत्रणा करते. गाडीला बसलेला हादरा थेट भिंगापर्यंत पोहोचला की किरण शेजारच्या वळशावर घसरतो आणि श्रोत्याला गाणे 'उडाल्या'सारखे वाटते.

हे टाळण्यासाठी चेंजरमध्ये तबकडी फिरवणारा व वाचणारा भाग बाहेरच्या पेटीला घट्ट जोडलेला नसतो. तो स्प्रिंगांवर आणि हादरे शोषणाऱ्या रबरी आधारांवर तरंगता ठेवलेला असतो. या भागाला चारही बाजूंनी हलण्यास मोकळी जागा असणे, हीच सुरळीत वादनाची पहिली अट आहे. बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका नेमकी हीच मोकळीक हिरावून घेतात.

आधी निदान, मग पेचकस

चेंजर उघडण्यापूर्वी चार साध्या चाचण्या करून पाहाव्यात.

पहिली चाचणी सेकंदांच्या आकड्यांची. गाणे तुटते त्या क्षणी डॅशबोर्डावरील आकडे सोबतच्या व्यक्तीला पाहायला सांगावेत. वाहन चालवणाऱ्याने ते पाहू नयेत. आकडे थबकत असतील किंवा पुढे-मागे उडी घेत असतील, तर तबकडी वाचण्यातच अडचण आहे. आकडे संथपणे पुढे सरकत असताना केवळ आवाज तुटत असेल, तर दोष बहुधा केबल, जोड किंवा रेडिओच्या मार्गात आहे. ही एक चाचणी शोधाचे अर्धे क्षेत्र कमी करते.

दुसरी चाचणी उभ्या गाडीची. गाडी सपाट जागी उभी करून एक तबकडी पूर्ण वाजवावी. प्रत्येक वेळी एकाच गाण्याच्या एकाच ठिकाणी खंड पडत असेल, तर दोष तबकडीचा आहे. उभ्या गाडीत सर्वच तबकड्या अडखळत असतील, तर भिंगावरील धूळ, जीर्ण लेझर किंवा न काढलेले वाहतूक-स्क्रू यांचा विचार करावा. उभ्या गाडीत सर्व ठीक आणि चालत्या गाडीतच बिघाड असेल, तर दोष बसवण्यात असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

तिसरी चाचणी टिचकीची. गाणे चालू असताना चेंजरच्या पेटीवर बोटांनी हलकेच ठोकावे. नीट तरंगणाऱ्या यंत्राला एवढा धक्का जाणवू नये. दार किंवा डिकी बंद करतानाही गाणे तुटत असेल, तर आतला भाग कुठेतरी टेकलेला आहे, असे समजावे.

चौथी आणि सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे चेंजर पट्ट्यांतून सोडवून पाहणे. केबल जोडलेलीच ठेवून यंत्र घडी घातलेल्या जाड चादरीवर आडवे ठेवावे, कोनाची चकती आडव्या खुणेवर आणावी आणि उभी गाडी हातांनी जोरात हलवावी. आता गाणे अखंड वाजत असेल, तर यंत्र निर्दोष आहे आणि दोष पट्ट्यांचा, जागेचा किंवा कोनाचा आहे, हे निश्चित झाले.

वाहतुकीचे स्क्रू

नवा चेंजर खोक्यातून येतो, तेव्हा प्रवासात आतला तरंगता भाग आदळू नये म्हणून तो काही स्क्रूंनी जखडलेला असतो. हे स्क्रू पेटीच्या तळाशी किंवा बाजूंना असतात. अनेकदा त्यांचा रंग वेगळा असतो किंवा त्यांना सूचनेची चिठ्ठी लावलेली असते. बसवण्यापूर्वी ते काढून टाकायचे असतात. ते राहून गेले, तर स्प्रिंग असूनही निरुपयोगी ठरतात आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा भिंगापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो.

वापरलेल्या यंत्राच्या बाबतीत हा घोळ अधिक होतो. आधीच्या मालकाने पाठवताना स्क्रू पुन्हा लावलेले असतात, पण सोबत माहितीपुस्तिका नसते. बसवणाऱ्याला ते पेटीचेच स्क्रू वाटतात. म्हणून तळ आणि दोन्ही बाजू उजेडात नीट पाहाव्यात. स्क्रू काढल्यावर उरणारी छिद्रे चिकटपट्टीच्या तुकड्याने बंद करावीत, अन्यथा डिकीतील धूळ त्यांतून आत शिरते. काढलेले स्क्रू फेकू नयेत. एका लहान पिशवीत घालून ते गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. चेंजर पुढे कधी कुरिअरने किंवा रेल्वेने पाठवण्याची वेळ आली, तर ते पुन्हा लावावे लागतील. उलट मार्गाने होणारे नुकसान अधिक असते. स्क्रू न लावता पाठवलेल्या यंत्राच्या स्प्रिंगा वाटेतच निसटू शकतात आणि ती दुरुस्ती पेटी उघडल्याशिवाय होत नाही.

कोनाची चकती

चेंजर डिकीत आडवा ठेवता येतो, बाजूच्या भिंतीला उभा लावता येतो, तर काही यंत्रे मागील सीटच्या पाठीला तिरपीही बसवता येतात. परंतु आडव्या स्थितीत ज्या दिशेने वजन पेलण्यासाठी स्प्रिंग ताणलेली असते, ती दिशा यंत्र उभे केल्यावर बदलते. यासाठी अनेक चेंजरच्या दोन्ही बाजूंना एकेक फिरती चकती किंवा सरकती कळ दिलेली असते. तिच्याजवळ आडवे, उभे आणि तिरपे अशा स्थितींच्या खुणा किंवा ०, ४५, ९० असे अंश कोरलेले असतात.

यंत्र उभे लावले आणि चकती आडव्या खुणेवरच राहिली, तर आतला भाग आपल्या वजनाने एका बाजूला कलतो व पेटीच्या आतल्या कडेला टेकतो. मोकळी जागा संपते. गुळगुळीत रस्त्यावर गाणे वाजत राहते, पण लहानशा धक्क्यानेही तुटते. 'बसवल्यापासून अडखळतो' या तक्रारीत ही चूक आवर्जून तपासावी.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन्ही बाजूंच्या चकत्या एकाच खुणेवर असणे आवश्यक आहे. पट्टी लावल्यानंतर एक बाजू झाकली जाते आणि तीच फिरवायची राहून जाते. दुसरे म्हणजे, खुणांच्या मधल्या कोनात यंत्र बसवू नये. सर्व चेंजर सर्व स्थितींत चालत नाहीत. काहींना तिरपी स्थिती वर्ज्य असते, तर काहींत अशी चकतीच नसते आणि ते आडवेच बसवावे लागतात. पेटीवरील खुणा आणि माहितीपुस्तिका या बाबतीत अंतिम मानावी.

जागा, पट्ट्या आणि लांब स्क्रू

पातळ पत्र्यावर किंवा नुसत्या प्लायवूडवर बसवलेला चेंजर गाडीबरोबर हलतोच, शिवाय त्या पत्र्याच्या कंपनाने थरथरतही राहतो. पट्टीचा एक स्क्रू सैल असला, तरी हाच परिणाम होतो. यंत्राला हात लावून हलवले असता गाडीच्या सांगाड्यापासून वेगळे हलता कामा नये. हलायचे ते आतल्या भागाने. पेटी मात्र पक्की हवी, असा हा हिशेब आहे. पेटीखाली स्पंज किंवा जाड रबर घालून 'जादा संरक्षण' देण्याचा प्रयत्न काही जण करतात. त्याने पेटी स्वतंत्रपणे झोके घेऊ लागते, आतल्या स्प्रिंगांशी तिचा मेळ बसत नाही आणि दोष वाढू शकतो.

सोबत आलेले स्क्रू हरवले म्हणून हाताला लागतील ते लांब स्क्रू वापरणे, ही आणखी एक चूक. पेटीच्या पत्र्यातून आत गेलेले स्क्रूचे टोक तरंगत्या भागाला अडवते किंवा स्प्रिंगेत अडकते. बाजूचा एकच स्क्रू काढल्याबरोबर गाणे सुधारले, तर दोष तोच आहे.

मोठ्या स्पीकरच्या खोक्यालाच चेंजर जोडणेही टाळावे. आवाज वाढवल्यावर त्या खोक्याची थरथर यंत्रात उतरते. कमी आवाजात अखंड वाजणारे गाणे मोठ्या आवाजात तुटत असेल, तर हे कारण तपासावे. सीटखाली चेंजर बसवलेल्या गाड्यांत अधिक दक्षता हवी. तेथे पिवळ्या आवरणातील तारा वा जोड दिसले, तर ते सामान्यतः एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये.

तबकडी आणि मॅगझिन

कारखान्यात छापलेली तबकडी आणि घरच्या संगणकावर लिहिलेली सीडी-आर यंत्राला सारखी दिसत नाही. छापील तबकडी आणि सीडी-आर लेझरचा प्रकाश भरपूर परत पाठवतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू मात्र त्याचा जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के भागच परत पाठवते. जुने चेंजर सीडी-आरडब्ल्यू वाचू शकत नाहीत, यात नवल नाही. जीर्ण लेझरला सीडी-आरही जड जाते. त्यामुळे चाचणीसाठी नेहमी कारखान्यात छापलेली, ओरखडे नसलेली तबकडीच वापरावी. एमपी-३ गाण्यांची तबकडी वाचण्याची सोय नसलेल्या यंत्रात ती वाजत नाही, याला बिघाड म्हणता येणार नाही.

तबकडीवरील माहितीत चुका दुरुस्त करण्याची अंगभूत सोय असते. रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट यंत्र पूर्णपणे भरून काढते. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक वळशाला क्षणभरच छेदतो, म्हणून तो निभावतो. रेषेच्या दिशेने गोलाकार गेलेला ओरखडा मात्र ही मर्यादा ओलांडतो. म्हणूनच तबकडी पुसताना मऊ कापड गोल न फिरवता मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे.

कागदी चिकट लेबल लावलेली तबकडी चेंजरमध्ये घालू नये. लेबल किंचित तिरपे बसले, तरी तबकडीचा तोल जातो. उन्हाने डिंक सुटला, तर लेबल आतच अडकते. मॅगझिनमध्ये तबकडीची छापील बाजू वर ठेवायची की खाली, हे कंपनीनुसार बदलते. वाकलेला ट्रे किंवा एका खणात बसलेल्या दोन तबकड्या हीसुद्धा अडचणीची नेहमीची कारणे आहेत. एकाच खणातील तबकडी अडखळत असेल, तर ती दुसऱ्या खणात घालून पाहावी. दोष खणाबरोबर राहिला, तर ट्रे तपासावा. तबकडीबरोबर गेला, तर तबकडी बदलावी.

वीज, केबल आणि रेडिओचा मार्ग

आकडे न थबकता आवाज तुटत असेल, किंवा यंत्र मध्येच बंद पडून पहिल्या गाण्यापासून सुरू होत असेल, तर विजेच्या जोडणीकडे वळावे. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाब असतो. चेंजरच्या जोडाशी मोजलेला दाब त्याहून बराच कमी भरला, तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. अर्थिंगची तार रंगवलेल्या पत्र्यावर लावली असेल, तर रंग खरवडून ती उघड्या धातूला घट्ट जोडावी. बॅटरीपासून स्वतंत्र तार ओढली असेल, तर बॅटरीजवळच फ्यूज असलाच पाहिजे. तो गाण्यासाठी नसून आग टाळण्यासाठी असतो. बॅटरीची तार सोडवण्यापूर्वी स्टिरिओचा सुरक्षा-संकेतांक हाताशी आहे ना, हे पाहावे. अनेक स्टिरिओ वीज खंडित झाल्यावर तो मागतात.

चेंजरची केबल सीटच्या रुळाखाली चेपलेली किंवा काटकोनात मुडपलेली नसावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या स्टिरिओ आणि चेंजरमधील संवादाची पद्धत वेगळी असते. जोड एकमेकांत बसले म्हणून यंत्रे परस्परांशी जुळतात, असे नाही.

काही चेंजर स्टिरिओला थेट न जोडता एफएम मॉड्युलेटरमार्फत जोडलेले असतात. असा चेंजर रेडिओच्या एका रिकाम्या कंप्रतेवर गाणे पाठवतो. भारतात २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली आणि मोठ्या शहरांत एफएम पट्टा गजबजत गेला. पूर्वी रिकामी असलेली जागा आज एखाद्या केंद्राने व्यापलेली असू शकते. शहराच्या विशिष्ट भागातच खरखर होत असेल वा गाणे तुटत असेल, तर मॉड्युलेटरची कंप्रता बदलून पाहावी आणि अँटेनाचा जोड घट्ट करावा.

दमट हवा, ऊन आणि भिंग

पावसाळ्यात किंवा थंड पहाटे भिंगावर बाष्प जमू शकते. अशा वेळी मॅगझिन बाहेर काढून तासभर थांबल्यास दोष आपोआप जातो. दुसरे टोक उन्हाचे. भर उन्हात बंद उभ्या गाडीतील तापमान साठ अंशांच्या वर जाऊ शकते. तापलेल्या यंत्रात लेझरचे काम ढासळते आणि तबकड्याही वाकतात. थंड असताना चांगला वाजणारा चेंजर अर्ध्या-पाऊण तासाने अडखळू लागला, तर लेझर थकल्याची शंका रास्त ठरते.

भिंगासाठी बारीक कुंचला असलेली स्वच्छता-तबकडी एकदा वापरून पाहता येते. तिचा वारंवार वापर करू नये. पेटी उघडून चालू यंत्रातील भिंगाकडे डोकावून पाहणे तर कटाक्षाने टाळावे. सीडीचा लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

स्क्रू, कोन, पट्ट्या, तबकडी, वीज आणि बाष्प हे सारे तपासूनही, सपाट जागी उभ्या गाडीत छापील तबकडी अडखळत असेल, तरच यंत्र उघडणाऱ्या कारागिराकडे जावे. जाताना वरील चाचण्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून न्यावेत. 'सीडी उडते' एवढ्या तक्रारीवर भिंग बदलले जाण्याचा संभव असतो. 'आडवे सुटे ठेवले तरी अडखळते, सर्व खणांत अडखळते, तापल्यावर अधिक' एवढी माहिती दिली, तर कारागीर नेमक्या जागी हात घालू शकतो. आधीच्या चेंजरमध्ये काही सेकंदांचे ध्वनी साठवून ठेवणारी स्मृती नसते, हेही लक्षात असावे. अशा यंत्राने मोठ्या खड्ड्यात एखादा स्वर गाळला, तर ती त्याची मर्यादा आहे, दोष नव्हे.

उरतो तो प्रश्न तबकडीतल्या ठेव्याचा. सीडी-आरमधील रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णता यांनी कालांतराने बिघडतो. एकदा तो बिघडला की ओव्या म्हणणारा आवाज कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. म्हणून अशा तबकडीची मूळ प्रत घरात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी, तिची आणखी एक प्रत संगणकावर उतरवून घ्यावी आणि गाडीत केवळ नक्कल न्यावी. चेंजर पुन्हा बसवता येतो, चकती पुन्हा फिरवता येते. एकमेव प्रत मात्र डिकीतल्या उन्हाच्या भरवशावर सोडू नये.